असली पोरगी आमच्यात नाय

अमेरिकेच्या व्हिसासाठी माझी खरी तपासणी झाली ती पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या आमच्या वाडीत, आत्याच्या पडवीत. आणि त्या वेळी मी तिथं नव्हतेच. मी महाडला, अकरावीच्या वर्गात, फळ्यावर ताळेबंदाच्या दोन बाजू जुळवून दाखवत होते.

जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड होऊन फार काळ झाला नव्हता. कागदावर कुणी हे लिही, कुणी ते. मी एम.कॉम. होऊन एका ज्युनिअर कॉलेजात हंगामी शिकवत होते आणि बाजारपेठेच्या मागं भाड्याच्या खोलीत राहत होते. बाबा पोलादपूरला प्राथमिक शिक्षक. आई मी चालायला लागले त्या सुमारास गेली. तेव्हापासून मला वाढवलं ते बाबांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं. तिचा नवरा मुंबईत गोदीत कामाला होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नव्हतं. ती भावाच्या घरी परत आली आणि वाडीवरची नाचणी आणि माझं शेंबडं नाक दोन्ही सांभाळू लागली. पुढं शाळेसाठी मला खाली उतरावं लागलं, पण घर म्हटलं की डोळ्यांपुढं यायची ती आत्याची पडवी.

आमच्या वस्तीत घरोघरी भिंतीवर एक फोटो असतो, कोट घातलेला, हातात पुस्तक घेतलेला. त्या फोटोखाली वाढलेल्या पोरीला परदेशी शिकायला जायचं नाही असं कोण कुठल्या तोंडानं सांगणार? बाबांनी तर नाहीच सांगितलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं मला बिझनेसच्या अभ्यासक्रमाला घेतलं, वर शिष्यवृत्तीही देऊ केली, तेव्हा बाबा ते पत्र घेऊन फोटोसमोर उभे राहिले आणि इंग्रजीतून मोठ्यानं वाचून दाखवलं. मला हसू आलं. ते हसले नाहीत.

पत्रात एक अट होती. ऑगस्ट संपायच्या आत हजर व्हायचं. नाही झालात तर जागा आणि शिष्यवृत्ती दोन्ही पुढच्या उमेदवाराला. हजर व्हायला व्हिसा हवा. व्हिसाला पासपोर्ट हवा. आणि पासपोर्टला पोलिसांचा शेरा हवा, की ही मुलगी दिलेल्या पत्त्यावर खरंच राहते आणि चालचलणुकीनं बरी आहे. अर्जात मी माझ्या महाडच्या खोलीचा पत्ता घालणार होते. बाबा कडाडले. "भाड्याच्या खोलीचा पत्ता म्हणजे काय पत्ता? उद्या घरमालक म्हणाला उठ, तर तुझा पत्ता उठला. वाडीचा घाल." मी घातला. वडिलांचं ऐकण्याचे जे थोडे प्रसंग माझ्या आयुष्यात आले, त्यातला तो एक.

जुलैत एका सकाळी बाबा कॉलेजच्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. शाळेच्या दिवशी शाळा सोडून महाडला येणारा तो माणूस नव्हे. छत्री असूनही खांद्यापासून भिजलेले. वर्ग सुटेपर्यंत त्यांनी मला बोलावलं नाही. मग खिशातून पासपोर्ट कचेरीचा कागद काढून दिला.

पोलिसांचा अहवाल प्रतिकूल होता. सदर नावाची व्यक्ती सदर पत्त्यावर राहत नाही आणि स्थानिक रहिवासी तिला ओळखत नाहीत, असं त्यात म्हटलं होतं.

"ओळखत नाहीत?" मी ओरडलेच. "वाडीत घरं ती किती! जिथं प्रत्येक म्हशीचा स्वभाव सगळ्यांना पाठ, तिथं मला ओळखत नाहीत? मी काय भूत आहे?"

"हळू," बाबा म्हणाले. "मुलं ऐकतायत."

ऐकू देत, असं मला वाटलं. हातातोंडाशी आलेला घास कुणीतरी काढून घेत होतं आणि मला वाटत होतं, हा कुणा जळक्या माणसाचा उद्योग. माझा संशय दोघातिघांवर गेला, त्यातल्या एकाला मी मनातल्या मनात शिव्याही घातल्या. बिचाऱ्यानं काही केलेलं नव्हतं.

आम्ही त्याच पावली एस.टी. धरून तालुक्याच्या ठाण्यात गेलो. फौजदार तरुण होता, घाटावरचा, बोलायला सरळ. त्यानं फाईल मागवली, वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच असण्याबद्दल शंका यावी.

"चौकशी झालीय," तो म्हणाला. "आमचा माणूस पावसात डोंगर चढून गेला होता. त्या घरातल्याच बाईंनी जबाब दिलाय. अशी मुलगी आमच्यात नाही म्हणून. अंगठाही आहे."

"कोण बाई?"

त्यानं नाव वाचलं. ते आत्याचं होतं.

बाबा खुर्चीत बसलेले होते, ते उठून उभे राहिले आणि परत बसले. मी काय केलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की पाणी हवं होतं आणि मागायची लाज वाटत होती. जिनं मला अंगाखांद्यावर वागवलं, जिच्या कुशीत झोपल्याशिवाय मला सातवीपर्यंत झोप येत नसे, तिनं पोलिसाला सांगितलं होतं की मी तिची कुणी नाही.

फौजदार वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिक्षक आहात, मी तुमच्यावर विश्वास ठेवीन. पण माझ्या विश्वासाला वर विचारत नाहीत. आता तुम्ही दहा साक्षीदार आणा, माझ्याकडे हो पण असणार आणि नाही पण असणार. वरचे नाहीच धरतील. ज्या बाईंनी नाही म्हटलंय, त्यांनीच इथं येऊन हो म्हणायला हवं. सोमवारच्या टपालानं नवीन जबाब जिल्ह्याला पाठवतो. मंगळवारपासून मी बंदोबस्तावर, मग कधी परत येईन ते मलाच ठाऊक नाही."

तो शनिवार होता.

वाडीवर त्या काळी गाडीरस्ता नव्हता. खालच्या फाट्यावर उतरायचं आणि पायवाटेनं चढायचं. रविवारी सकाळी आम्ही निघालो. बाबा पुढं, मी मागं. वाटेतला ओढा गुडघ्यापर्यंत आला होता. अजून हातभर वाढला असता तर ना कुणी वर जाऊ शकलं असतं ना खाली येऊ शकलं असतं. मी चढताना मनातल्या मनात आत्याशी भांडत होते. असं बोलीन, तसं बोलीन. भांडणाची सगळी वाक्यं तयार झाली होती.

आत्या पडवीत टाकळ्याची भाजी निवडत बसली होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "आलीस गो? अशा पावसात? पाय पुस आधी, चिखल आत नको आणू."

मी पाय पुसले नाहीत. "आते, पोलीस आला होता?"

तिचे हात थांबले. तिनं आजूबाजूला पाहिलं, शेजारच्या घरातून कुणी ऐकतंय का ते, आणि आवाज उतरवून म्हणाली, "आला हुता. तू काय पन काळजी करू नको. मी त्याला वाटंला लावला."

"वाटेला लावला!"

"मंग? आला, जय भीम घातला, पानी मागितलं. दिलं. आपल्यातलाच हाय म्हनतो. पन अंगावर खाकी असली की मानूस कोनाचाच नसतो. पानी प्याला आनी कागद काढला. तुझं नाव वाचलं, शाळंतलं, सगळं लांबलचक. मंग म्हनतो कसा, ही पोरगी परदेशी धंदा शिकायला चाललीय, ती हितंच ऱ्हाते ना?"

ती थांबली. पुढचं मला आपोआप कळायला हवं होतं असा तिचा चेहरा होता. मला कळलं नाही. बाबांना कळलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मी म्हटलं," आत्या म्हणाली, "असली पोरगी आमच्यात नाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरुषानं धंदा केला तर तो दुकानदार होतो, चार पैसे मिळवतो, गावात मान वाढतो. बाई धंदा करते म्हटलं तर ऐकणारा कानावर हात ठेवतो. आमच्या बाजूच्या घरोघरचे पुरुष मुंबईला. तिकडून येणाऱ्या बातम्यांत अमकी तमकी पोरगी कामाच्या नावाखाली कुणी नेली आणि धंद्याला लावली, अशीही एखादी बातमी असायची. ती बायका विहिरीवर कुजबुजत सांगायच्या. आत्याला आम्ही 'पुढचं शिकायला' एवढंच सांगून ठेवलं होतं. आणि आता दारात पोलीस, हातात कागद, कागदावर तिच्या पोरीचं नाव, आणि तोंडात एका दमात परदेश आणि धंदा. इतिहासात ध चा मा करून घात झाल्याचं आम्ही शाळेत शिकलो होतो. इथं ध चा ध च राहिला होता, तरी माझा घात झाला होता.

"अगं पण नाव माझं होतं ना?"

"तुझंच हुतं. म्हनून तं नाय म्हटलं. दुसरीचं असतं तं म्हटलं असतं, मला काय ठावं, तिच्या घरी इचार." तिनं भाजीचं सूप बाजूला सारलं. "शेजारनींना पन खूण केली. त्यापन म्हनाल्या, नाय बा, कोन ही, आमी नाय वळखत. एकजात सगळ्या म्हनाल्या. वाडी फुटली नाय."

तिला अभिमान वाटत होता! सगळ्या वाडीनं मिळून माझी अब्रू वाचवली होती. वाटेत तयार केलेलं एकही वाक्य मला वापरता येईना, म्हणून मी जास्तच चिडले. मी रडत ओरडत तिला सांगू लागले, की तो धंदा नव्हे, बिझनेस, म्हणजे व्यापार, म्हणजे नुसता व्यापार पण नव्हे, कंपन्या कशा चालवायच्या, माणसं कशी नेमायची, खरेदी, विक्री, हिशेब. ती माझ्याकडे बघत राहिली. अकरावीच्या वर्गात मी हेच सगळं झक्कपैकी सांगायची, आणि स्वतःच्या आत्याला सांगताना माझ्याकडे शब्द नव्हता. बाबांनी 'उद्योग' म्हणून पाहिलं. आत्या म्हणाली, "ते तं तिचे लहानपनापासून चालूच हायेत."

शेवटी मीच वैतागून म्हणाले, "अगं, कारभार! मोठमोठ्या ठिकाणचा कारभार कसा करायचा ते शिकायला चाललेय मी."

"कारभार?"

"हो."

"मंग तसं बोलायचं ना गो शिंचे." तिनं सुटकेचा श्वास सोडला. "कारभार शिकायला चाललीय. त्या खाकीवाल्याला एवढं बोलाया काय झालं हुतं?"

मला वाटलं, सुटलो. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "तर मग आता उद्या आमच्याबरोबर खाली चल. ठाण्यात येऊन सांग, की ही आमचीच."

तिनं सूप परत पुढं ओढलं. मग म्हणाली, "मी नाय येनार."

बाबांनी समजावलं, मी समजावलं. शहाण्यानं ठाण्याची पायरी चढू नये, हे तिचं पहिलं उत्तर. आधी खोटं सांगितलं म्हणून तिलाच आत टाकतील, हे दुसरं. सगळ्या पोलादपूरच्या बाजारानं बघितलं तर काय म्हणतील, हे तिसरं. प्रत्येकाला बाबांकडे उत्तर होतं. ती ऐकून घ्यायची आणि परत मान हलवायची. मग अचानक तिनं विचारलं, "मी नाय आले, तं?"

"तर पासपोर्ट नाही."

"आनी तो नाय, तं?"

"तर व्हिसा नाही. मग मी जाऊ शकत नाही. जागा दुसऱ्या कुणाला देतील."

"म्हंजे हितंच ऱ्हाशील. महाडला."

"हो."

"म्हंजे सगळं माझ्या तोंडावर हाय," आत्या म्हणाली.

हे ती मला विचारत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. ठाण्याची भीती, बाजाराची भीती, हे सगळं वरवरचं होतं. खाली काय होतं ते तिला आणि मला एकाच वेळी कळलं. तिला काहीच करायचं नव्हतं. नुसतं पडवीत बसून राहायचं होतं. तिनं तोंड उघडलं नाही तर तिची पोर महाडला राहणार, शनिवारी संध्याकाळी वर चढून येणार, शेजारी झोपणार. आणि दोष कुणी तिला देऊ शकलं नसतं; म्हातारं माणूस, पोलिसाला भ्यालं, संपलं. मी तिला काय सांगू? मला जाऊ दे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि ते मला म्हणता आलं नाही. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की त्या क्षणी ती मला नकोशी वाटत होती, हेही खरंच आहे.

आत्या उठली आणि चुलीकडे गेली. जेवताना ती पावसाबद्दल बोलली, नाचणीबद्दल बोलली. दुसरं काही नाही. बाबांनी मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. ते बरं झालं, कारण माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. मी काहीतरी भलतंच बोलले असते आणि सगळं बिघडवून बसले असते.

सकाळी उठले तेव्हा ती लुगडं बदलून तयार होती. जयंतीला नेसायचं ते, ट्रंकेतलं. डोक्यावर इरलं घेऊन ती अंगणात उभी होती. "चला," ती म्हणाली. "ओढा वाढायच्या आत उतरू."

ओढ्यात तिनं माझा हात धरला. मी तिला धरलंय असं मला वाटत होतं, पण वजन माझंच तिच्यावर होतं. पोलादपूरच्या बाजारातून जाताना तिनं पदर कपाळावर ओढून घेतला. ठाण्याच्या पायरीशी आल्यावर ती थांबली. मला वाटलं, आता मागं फिरते. तिनं चपला काढल्या. ठाण्यात चपला काढून जातात असं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. तशीच अनवाणी आत गेली.

फौजदार होता. बाजूच्या टेबलाशी हवालदार लिहायला बसला होता. आणि दाराजवळ तो शिपाई उभा होता, वाडीवर आलेला. आत्यानं त्याला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

फौजदारानं मला उभं केलं. "आजी, ही कोण?"

"माझी भाची. माझ्या भावाची पोरगी."

"कुठं राहते?"

"घर तिचं आमच्या वाडीत. शिकवायला महाडला असते. मीच वाढवलीय."

हवालदार लिहीत होता. फौजदारानं जुना कागद पुढं ओढला.

"मग आमचा माणूस आला होता, तेव्हा नाही का म्हणालात? पोलिसाला खोटा जबाब दिलात तुम्ही. अंगठा आहे तुमचा. कल्पना आहे का, याचं काय होऊ शकतं?"

मी बाबांकडे पाहिलं. आम्ही तिला वाटेत शिकवून ठेवलं होतं, की चूक झाली म्हण, कानाला कमी ऐकू येतं म्हण, हात जोड. तिनं हात जोडले नाहीत.

"मी तवा पन खरंच सांगितलं, सायेब."

"म्हणजे?"

"तुमच्या ह्या मानसानं धंद्याच्या पोरीचं इचारलं. धंद्याची पोरगी आमच्यात तवा नव्हती, आज पन नाय. पुन्यांदा इचारलंत, पुन्यांदा नायच सांगंन. घाला मला आत."

हवालदाराची लेखणी थांबली. माझ्या मनात आलं, संपलं. पोलिसाला तोंडावर असं बोलल्यावर कोण आपला कागद पुढं पाठवील? मी मनात अमेरिका सोडून दिली, अगदी त्या क्षणी सोडून दिली, आणि तरीही मला आत्याच्या शेजारी जाऊन उभं राहावंसं वाटलं. मी तशी उभी राहिले.

फौजदार शिपायाकडे वळला. "काय विचारलंस तू?"

शिपाई लाल झाला. "कागदावर होतं तेच, साहेब. बिझनेस शिकायला जाणार, असं. मी म्हटलं, आजीबाईंना इंग्रजी कसं कळणार, म्हणून मराठी करून... बिझनेस म्हणजे धंदाच ना, साहेब?"

हवालदाराला आधी हसू फुटलं. तो खाली मान घालून खोकल्यासारखं करू लागला. फौजदारानं ओठ घट्ट मिटून घेतले, पण त्याचेही खांदे हलायला लागले. आत्या मात्र हसली नाही. ती तशीच ताठ उभी, हसणाऱ्यांकडे बघत.

"बरं," फौजदार शेवटी म्हणाला. "मग आजी, तुमची भाची काय शिकायला चाललीय ते तुम्हीच सांगा. तसंच लिहून घेतो."

"कारभार," आत्या म्हणाली.

हवालदारानं ते लिहिलं. वाचून दाखवलं. आत्यानं डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून उमटवला आणि तो पुसायला कुणाकडे काही न मागता लुगड्याच्या टोकाला पुसला, ट्रंकेतल्या चांगल्या लुगड्याच्या. कागद त्याच टपालानं गेला. फौजदारानं वर पाठवताना आपल्या हातानं आणखी दोन ओळी लिहिल्या, असं बाबांना मागाहून कळलं.

पासपोर्ट आला तेव्हा ऑगस्ट अर्धा झाला होता. दुसऱ्याच दिवशी मी मुंबईला अमेरिकन वकिलातीच्या दारात होते. तिथली रांग, तिथली शांतता, काचेपलीकडचा गोरा अधिकारी, सगळ्याचीच मला धास्ती होती. माझ्या पुढच्या मुलाला त्यानं बोलता बोलता नाकारलं. मुलगा सुटाबुटातला, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं इंग्रजी बोलणारा. तो बाजूला झाला आणि मी पुढं गेले.

खर्च कोण करणार, त्यानं विचारलं. मी शिष्यवृत्तीचं पत्र दाखवलं. बिझनेसच का, त्यानं विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर दिलं. मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "शिक्षण झाल्यावर परत येशील कशावरून?"

कॉलेजनं नोकरी राखून ठेवण्याचं पत्र दिलं होतं, ते मी पुढं सरकवलं. वडील एकटे आहेत, असंही म्हणाले. तो ते पत्र शेवटपर्यंत वाचत गेला. मग पासपोर्ट आपल्या बाजूला ठेवून म्हणाला, दुपारी या. पुढचा माणूस येऊन उभा राहिला तरी मी तिथंच. रांगेतल्या कुणीतरी मला सांगितलं, अहो बाई, झालं तुमचं काम, सरका.

निघायच्या आधी मी वाडीवर गेले. बाबा माझं सामान बांधण्यात गुंतले होते, म्हणून एकटीच गेले. आत्या नाचणीतलं गवत काढून नुकतीच घरी आली होती. मी पासपोर्ट उघडून तिला तो शिक्का दाखवला. तिनं ओले हात लुगड्याला पुसून पान हातात घेतलं, आडवं धरलं, उभं धरलं.

"एवढाच?"

"एवढाच."

"काय लिवलंय?"

"की मला त्यांच्या देशात येऊ द्यावं."

तिनं पासपोर्ट मिटून माझ्या हातात दिला. मग पडवीच्या खांबाला टेकून बसली. मला वाटलं, आता रडेल, आणि मी घाईघाईनं सांगू लागले, की तिथं सगळी सोय असते, राहायला खोली देतात, थंडीला कोट घेणार आहे, पत्र दर आठवड्याला टाकीन. ती माझं ऐकत नव्हती.

"तिकडं पन पोलीस असतील," ती म्हणाली.

"असणारच की."

"एखादा दिवस तुझ्या दारात आला. शेजाऱ्यापाजाऱ्याला इचारलं, ही पोरगी कोन, कोनाची. तं आमची म्हनायला तिकडं कोन हाय तुला?"

मला हसून काहीतरी उत्तर द्यायचं होतं. उत्तर शोधता शोधता माझं हसू गेलं. आजवर मी जागा जाईल म्हणून भ्याले होते, तारखेला भ्याले होते, काचेमागच्या माणसाला भ्याले होते. तिकडच्या एकटेपणाला मी भ्याले नव्हते. त्या दिवशी, हातात व्हिसा असताना, मी पहिल्यांदा भ्याले.

"कुणी नाही, आते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. माझ्या कपाळावर आलेले केस मागं सारले. तिच्या बोटांना गवताचा वास येत होता.

"मंग लवकर ये," ती म्हणाली.